फोन कर्मचाऱ्याचा, डोकेदुखी आयटीची

हेल्पडेस्कवर काम केलेल्या कुणालाही ‘माझं अकाउंट पुन्हा लॉक झालं’ एवढंच सांगून बघा. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘फोनमधला पासवर्ड बदललात का?’

प्रकार असा असतो. कंपनीच्या नियमानुसार ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलावा लागतो. माणूस लॅपटॉपवर नवा पासवर्ड टाकतो आणि कामाला लागतो. खिशातल्या फोनला याचा पत्ताच नसतो. त्यात जुना पासवर्ड जपून ठेवलेला असतो आणि ऑफिसच्या वायफायला जोडून घेण्यासाठी तो जुनाच पासवर्ड इमानेइतबारे पाठवत राहतो. एकदा, दोनदा, पाचदा. सर्व्हरला वाटतं, कुणीतरी अंदाजाने पासवर्ड मारून आत घुसू बघतंय. तो खातं बंद करून टाकतो. हेल्पडेस्कवाला ते उघडून देतो, फोन पुन्हा जुना पासवर्ड पाठवतो आणि चहा संपायच्या आत खातं पुन्हा बंद.

खरा वैताग हा, की गुन्हेगार सहजासहजी सापडत नाही. सर्व्हरच्या नोंदींत खातं केव्हा बंद झालं ते दिसतं. पण चुकीचा पासवर्ड कुठल्या उपकरणाने पाठवला, या प्रश्नापुढे बऱ्याचदा वायफायच्या नाहीतर मेलच्या सर्व्हरचंच नाव असतं. मग उलटतपासणी सुरू होते. फोन तपासला? हो. टॅब आहे? आहे, पण तो मुलीकडे असतो. याआधीचा फोन? तो आईला दिला. देताना त्यातलं ऑफिसचं काढलं होतं? ‘बघून सांगतो.’ मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या ऑनलाइन मेलसेवेत नुसत्या नाव-पासवर्डवर चालणारी जुनी पद्धत बंद करायला घेतली. त्यामुळे मेलच्या बाजूने हा त्रास बराच ओसरला. वायफायच्या बाजूने तो अजून आहे.

तक्रार क्षुल्लक आहे, पण सगळ्या विषयाचं मर्म तिच्यात आलं. फोन विकत घेतला कर्मचाऱ्याने. त्यात काय ठेवायचं, अपडेट कधी करायचं, तो कुणाच्या हातात द्यायचा हे ठरवणार तोच. मात्र त्या फोनमुळे कंपनीचं काही अडलं किंवा फुटलं, तर जाब विचारला जाणार आयटी विभागाला. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसऱ्याकडे, अशी ही मांडणी आहे. कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या उपकरणांमुळे होणारा बहुतेक गोंधळ, वरवर तांत्रिक दिसला तरी, इथूनच निघतो.

पूर्वी असं नव्हतं. कॅनडातल्या वॉटर्लूच्या रिसर्च इन मोशन या कंपनीचं ब्लॅकबेरी १९९९ मध्ये आलं आणि पुढची आठ-दहा वर्षं ऑफिसचा मोबाइल म्हणजे ब्लॅकबेरी हे समीकरण होतं. फोन कंपनीच घ्यायची, आपल्या सर्व्हरला जोडायची आणि मग कॅमेरा चालू ठेवायचा की नाही इथपासून शेकडो गोष्टी आयटी विभाग एका जागी बसून ठरवायचा. कर्मचाऱ्याच्या हाती उरायचं ते फक्त टाइप करणं. जून २००७ मध्ये अमेरिकेत आयफोन विक्रीला आला तेव्हा या विभागांनी त्याला दारात उभं केलं नाही आणि त्यांचं चुकलंही नव्हतं. कंपन्यांच्या एक्स्चेंज या मेल-सर्व्हरशी नीट जुळण्याची किंवा हरवलेला फोन दुरून पुसून टाकण्याची सोय त्यात नव्हती. ती आली जुलै २००८ मध्ये. शेकडो आयफोन एका ठिकाणाहून सांभाळण्याची सोय यायला २०१० उजाडलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आयपॅडही आला होता. नियम मोडायला सुरुवात शिपायाने किंवा कारकुनाने केली नाही, साहेबांनी केली, असं माझं मत आहे. संचालक मंडळातला माणूस नवा कोरा आयपॅड टेबलावर ठेवून ‘यावर मेल चालू करून द्या’ म्हणाला, की त्याला नाही कोण म्हणणार? आणि एकदा साहेबाला दिलं, की खालच्यांना नकार देण्याचं कारण उरत नाही.

या बदलाचा सर्वांत प्रांजळ हिशेब मांडला तो आयबीएमने. तिथे २०१० मध्ये कर्मचाऱ्यांना स्वतःची उपकरणं वापरायची परवानगी मिळाली. दोन वर्षांनी, २०१२ च्या मे महिन्यात, कंपनीच्या माहिती विभागाच्या प्रमुख जनेट होरन यांनी एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यूला जे सांगितलं ते आजही वाचण्यासारखं आहे. सुमारे चार लाख कर्मचाऱ्यांपैकी चाळीस हजारांना कंपनीचं ब्लॅकबेरी होतं. आणखी ऐंशी हजार जण इतर फोन आणि टॅबवरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येत होते, त्यांत स्वतःच्या पैशाने घेतलेली उपकरणंही होती. पैसे वाचले का? नाही, उलट विभागापुढे नवे प्रश्न उभे राहिले, असं त्यांचं म्हणणं होतं. कुठलं ॲप धोक्याचं याची अनेकांना कल्पनाच नव्हती. कुणी ऑफिसची मेल आपोआप खासगी मेलवर जाईल अशी सोय करून ठेवली होती, कुणी आपल्या फोनचा उघडा हॉटस्पॉट चालवत होतं. शेवटी आयबीएमने ड्रॉपबॉक्स बंद केलं आणि आयफोनमधली सिरीही बंद केली, कारण सिरीला विचारलेले प्रश्न अ‍ॅपलच्या सर्व्हरकडे जात होते. स्वतः संगणकाचं युग घडवणाऱ्या कंपनीची ही गत होती. मग भोसरीच्या एखाद्या कारखान्यात एकटा आयटी सांभाळणाऱ्या माणसाने काय करायचं?

कर्मचाऱ्याला कधीच न दिसणारा एक प्रश्न वायफायच्या पत्त्यांचा आहे. लहान ऑफिसच्या नेटवर्कमध्ये साधारणपणे २५४ उपकरणांना देता येतील इतके पत्ते असतात. शंभर माणसांच्या ऑफिसला हे भरपूर वाटतं. पण आता प्रत्येकाचा लॅपटॉप, फोन, वर मनगटी घड्याळ, कुणाचा दुसरा फोन, कुणाचा टॅब. त्यात विंडोज सर्व्हरने दिलेला पत्ता, कुणी बदल केला नसेल तर, आठ दिवस त्याच उपकरणाच्या नावावर राहतो. म्हणजे मंगळवारी अर्ध्या तासाच्या मीटिंगला आलेल्या पाहुण्याचा फोन पुढच्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत जागा अडवून बसतो. एक दिवस पत्ते संपतात, आणि मग ज्याचा लॅपटॉप वायफायला जोडला जात नाही तो ‘तुमचं नेटवर्क बेकार आहे’ म्हणून तक्रारीचं तिकीट टाकतो.

यावर उपाय म्हणून कित्येक ठिकाणी ओळखीच्या उपकरणांचीच यादी ठेवायचे. प्रत्येक फोनच्या वायफाय चिपला जन्मजात क्रमांक असतो, तो यादीत असेल तरच प्रवेश. ही युक्ती फोन बनवणाऱ्यांनीच मोडीत काढली. दुकानं आणि मॉल हा क्रमांक बघून माणसांचा माग काढू लागले होते, म्हणून २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला आपला खरा क्रमांक न सांगता बनावट क्रमांक सांगू लागला. ग्राहकाच्या दृष्टीने उत्तम सोय. यादी सांभाळत बसलेल्या आयटीवाल्याच्या दृष्टीने मात्र काल ओळखीचा असलेला फोन आज परका झाला. या सगळ्या विषयात असे प्रसंग वारंवार येतात. व्यक्तीचं खासगीपण जपणारी प्रत्येक सुधारणा कंपनीच्या कुठल्यातरी नियमाला भोक पाडते. मला यात व्यक्तीची बाजू बरोबर वाटते, पण भोकं बुजवत बसणाऱ्याचा वैतागही समजतो.

भारतात आणखी एक गुंता आहे. आपल्याकडच्या दहापैकी नऊहून अधिक स्मार्टफोनमध्ये अँड्रॉइड आहे आणि अँड्रॉइड म्हणजे एक चीज नव्हे. शाओमी, ओप्पो, विवो, सॅमसंग, प्रत्येकाची सेटिंग्ज वेगळ्या जागी आणि वेगळ्या नावाने. यांतल्या बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली ॲप्स गुपचूप बंद केली जातात. ऑफिसचं मेल ॲपही त्यात जातं. मग ‘मला मेल दोन तास उशिरा आली’ ही तक्रार येते. सर्व्हर ठीक, नेटवर्क ठीक, दोष फोनच्या ‘ऑटोस्टार्ट’ नावाच्या बटणात. ते बटण नेमकं कुठे आहे हे फोनवरून समजावून सांगताना वीस मिनिटं जातात, कारण सांगणाऱ्याच्या हातात तो फोन नसतो. आयफोनवाल्यांची तऱ्हा वेगळी. सप्टेंबरात नवी आवृत्ती आली की ते त्याच रात्री अपडेट करून मोकळे होतात. कंपनीचं व्हीपीएन त्यावर चालतं का, हे तपासायला आयटीला सवड मिळायच्या आत.

पण यापेक्षा गंभीर प्रकरण आहे ते लॉगिनच्या मंजुरीचं. पूर्वी बँका आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी किल्लीच्या जुडग्याला लावायचं छोटं टोकन द्यायच्या, त्यावर दर मिनिटाला आकडे बदलायचे. आता ते काम ऑथेंटिकेटर ॲप करतं आणि ते असतं कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये. म्हणजे कंपनीच्या दाराची किल्ली कंपनीने कर्मचाऱ्याच्या मालकीच्या वस्तूत ठेवली आहे. दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये जुना फोन दिला, नवा घेतला, फोटो आले, व्हॉट्सॲप आलं, पण ऑफिसच्या खात्याची नोंद बहुतेक वेळा नव्या फोनवर नव्याने करावी लागते. आणि ती करायला जुन्या फोनवरची मंजुरी लागते. जुना फोन तर दुकानदाराने नेला. माणूस अडकला. आता त्याला आत घेऊ शकतो तो फक्त हेल्पडेस्कवाला.

नेमकं हेच चोरांनी हेरलं. ‘माझा फोन गेला, नव्या फोनवर सुरू करून द्या’ हा हेल्पडेस्कला रोजच्या रोज येणारा आणि म्हणूनच अजिबात संशय न वाटणारा फोन. ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लोरॉक्स कंपनीवर सायबर हल्ला झाला. जुलै २०२५ मध्ये तिने आपली हेल्पडेस्क चालवणाऱ्या कॉग्निझंटवर कॅलिफोर्नियातील न्यायालयात दावा लावला. चोराने फोन करून आपण कर्मचारी असल्याची बतावणी केली आणि हेल्पडेस्कने ओळख न पटवताच पासवर्ड आणि मंजुरीची व्यवस्था बदलून दिली, असा क्लोरॉक्सचा आरोप आहे. नुकसानीचा आकडा त्यांनी ३८ कोटी डॉलर सांगितला. आमचं काम ठरावीक मर्यादेतलं होतं, सुरक्षेची जबाबदारी आमची नव्हती, असं कॉग्निझंटचं म्हणणं. निकाल काय लागायचा तो लागो. पण तुमच्या ऑफिसचा आयटीवाला फोन रीसेट करून देताना ‘मॅनेजरना फोनवर घ्या’ किंवा ‘व्हिडिओ कॉलवर आयकार्ड दाखवा’ म्हणाला, तर तो अडवणूक करत नाही, हे यावरून समजावं.

आता उलट बाजू. कंपनी कर्मचाऱ्याच्या फोनवर किती हक्क सांगू शकते?

ब्लॅकबेरीच्या काळातली एक सोय नव्या फोनमध्येही आली, ती म्हणजे फोन दुरून पुसणं. कंपनीच्या फोनवर ती योग्यच होती. कर्मचाऱ्याच्या फोनवर ती आली तेव्हा तिला ऑफिसची मेल आणि लग्नाचे फोटो यांतला फरक कळत नव्हता. पुसला तर सगळा फोन कोरा. काही कंपन्यांच्या नियमात तर ठरावीक वेळा पिन चुकला की फोन आपोआप पुसला जाईल अशी अट असायची. घरात तीन वर्षांचं पोर असेल तर या अटीचा अर्थ सांगायला नको. टेक्सासमध्ये २०१३ साली डिझाइन टेक होम्स या घरबांधणी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याने नोकरी सोडली, तेव्हा कंपनीचं नेटवर्क सांभाळणाऱ्याने त्याचा स्वतःचा आयफोन दुरून पुसला. कामाच्या मजकुराबरोबर खासगी सगळंही गेलं. माणूस न्यायालयात गेला. नोव्हेंबर २०१४ मध्ये संघीय न्यायालयाने त्याचे केंद्रीय कायद्यांखालचे दावे फेटाळले. संगणकातल्या घुसखोरीविरुद्धचे ते कायदे अशा प्रकाराला लागू पडत नाहीत, असं ठरलं. फोन त्याचा होता, पैसे त्याचे होते, फोटो त्याचे होते, तरीही.

खर्चाच्या बाबतीत कर्मचाऱ्याच्या बाजूने एक निकाल मात्र ठळक आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने सांगितलं, की कामासाठी स्वतःचा फोन वापरणं भाग असेल तर मालकाने बिलाचा वाजवी वाटा द्यायलाच हवा, कर्मचाऱ्याचा प्लॅन अमर्याद बोलण्याचा असला तरी. आपल्याकडे हा मामला बहुधा कंपनीच्या मर्जीवर असतो.

माहिती बाहेर जाण्याचा विषय निघाला, की सगळे व्हायरस आणि हॅकरांबद्दल बोलतात. रोजची गळती त्याहून साधी असते, ती व्हॉट्सॲपवरून होते. वाळूज किंवा चाकणच्या लहान कारखान्यात ग्राहकाचं ड्रॉइंग जॉबवर्कवाल्याला पाठवायचं असेल तर मेल कोण करत बसणार? फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मुलगा नोकरी सोडून शेजारच्या कंपनीत गेला तरी ते ड्रॉइंग त्याच्या गॅलरीत राहतं. वॉल स्ट्रीटवरच्या बँकांनाही हाच मोह झाला आणि तो फार महागात पडला. तिथे ग्राहकांशी आणि आपसांत झालेल्या व्यवहाराच्या बोलण्याची नोंद ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. ते बोलणं कर्मचाऱ्यांच्या खासगी फोनवर व्हॉट्सॲपने चालत होतं. डिसेंबर २०२१ मध्ये जेपी मॉर्गनला २० कोटी डॉलर आणि सप्टेंबर २०२२ मध्ये बड्या वित्तसंस्थांना मिळून सुमारे १८० कोटी डॉलर दंड झाला. कुणाचे पैसे चोरीला गेले नव्हते, कुणाचं खातं फुटलं नव्हतं. नोंद नव्हती, एवढाच गुन्हा.

मग फोनवर सरसकट बंदी घालावी का? कॉल सेंटरमध्ये अनेक ठिकाणी ती आहेच. फोन लॉकरमध्ये, कागद-पेनही बाहेर. पण एप्रिल २००५ मध्ये पुण्यात उघडकीला आलेलं एम्फॅसिसचं प्रकरण आठवा. तिथल्या कॉल सेंटरमधल्या काहींनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांचे पिन बोलण्यात काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या बनावट खात्यांत वळवले. आत-बाहेर करताना झडती व्हायची, लिहून नेता येत नव्हतं. त्यांनी आकडे पाठ केले! शिवाय मार्च २०२० च्या लॉकडाउनने तर लॉकरची भिंतच पाडली. काल ज्याला मजल्यावर पेन नेता येत नव्हतं, तो आज घरच्या स्वयंपाकघरात बसून तेच काम करू लागला, बाजूला स्वतःचा फोन ठेवून.

चांगला तोडगा निघाला आहे, तो फोनमध्ये वेगळा कप्पा करण्याचा. अँड्रॉइडमध्ये २०१४-१५ पासून ‘वर्क प्रोफाइल’ आहे. त्यातल्या ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह असतं, तिथली माहिती बाहेरच्या ॲपमध्ये कॉपी होऊ न देण्याचा नियम लावता येतो, आणि नोकरी सुटली की कंपनी तेवढाच भाग पुसू शकते. आयफोनमध्ये अशी व्यवस्था २०१९ च्या आयओएस १३ पासून आली. स्वतःच्या घरातली एक खोली कंपनीला भाड्याने दिल्यासारखं हे आहे : खोलीत कंपनीचे नियम, बाकी घरात तिने डोकावायचं नाही. कंपनी आपले फोटो आणि व्हॉट्सॲप वाचते अशी भीती अनेकांना असते. या कप्प्याच्या पद्धतीत कंपनीला बाहेरची ॲप्स, फोटो, मेसेज दिसत नाहीत. सगळाच फोन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली दिला तर गोष्ट वेगळी. आयफोनच्या बाबतीत तेव्हाही फोटो-मेसेज दिसत नाहीत, पण फोनवर कुठली ॲप्स आहेत याची यादी दिसू शकते आणि अख्खा फोन पुसता येतो.

अँड्रॉइडच्या कप्प्याला एक बटण आहे, मला ते सगळ्यांत आवडतं. ते दाबलं की ऑफिसची सगळी ॲप्स झोपतात. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. कायदा काही झालेला नाही. बटण मात्र आहे. साहेबाच्या देखत ते दाबायची हिंमत हा वेगळा विषय.

कंपन्यांबद्दल माझं मत सरळ आहे. ज्यांना संपूर्ण फोनवर ताबा हवा, त्यांनी फोन विकत घेऊन द्यावा. रुग्णांचे अहवाल, बँकेचे सौदे, संरक्षण खात्याची कामं यांना हाच मार्ग योग्य, आणि खर्चाची कुरकुर इथे चालू नये. ज्यांना तेवढी गरज नाही त्यांनी कप्प्यापुरतं बघावं आणि बाकीच्या फोनचा नाद सोडावा. स्वस्तात ताबा हवा म्हणून कर्मचाऱ्याच्या फोनवर हक्क सांगायचा आणि वर हेल्पडेस्कला दर महिन्याला ‘तिकिटं कमी का होत नाहीत’ म्हणून झापायचं, ही आज पुष्कळ ठिकाणची रीत आहे, आणि ती चुकीची आहे. आपल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात सुरक्षेत कसूर करणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. फोन कर्मचाऱ्याचा होता, हे उत्तर तिथे पुरेल असं वाटत नाही.

आणि तुम्ही स्वतःच्या फोनवर ऑफिसचं ॲप टाकणार असाल तर ‘ॲलाऊ’ दाबण्याआधी पडद्यावरचं वाचा : कंपनी फक्त कप्पा मागते आहे की अख्खा फोन पुसण्याचा अधिकार? कळलं नाही तर लेखी विचारा. फोटोंचा बॅकअप वेगळा ठेवा. जुना फोन दुकानात देण्याआधी ऑथेंटिकेटर नव्या फोनवर सुरू झालाय ना ते पाहा आणि घरात कुणाला फोन देताना ऑफिसचं खातं आधी काढा. फोन हरवला तर सोमवारची वाट पाहू नका. अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवायची वेळ कंपनीवर येऊ शकते, एप्रिल २०२२ च्या आदेशात तसं सांगितलं आहे. ओरडा बसेल म्हणून रविवारभर गप्प बसू नका, आधी हेल्पडेस्कला फोन करा.